१३ विरुद्ध ३८ : शाळेच्या कराची उलटी गणती

बीड, अंबाजोगाई किंवा परळीच्या घरपट्टीच्या बिलात 'शिक्षण कर' असा एक रकाना असतो. बिल भरणारा माणूस एकूण रक्कम पाहतो, पैसे देतो, पावती खिशात घालतो. त्या रकान्याकडे थांबून कोणी पाहत नाही. शाळेसाठी स्थानिक संस्थेने कर लावावा की नाही, या प्रश्नावर या देशात एक मोठी लढाई झाली होती. गोपाळ कृष्ण गोखले ती लढले, आणि १९ मार्च १९१२ रोजी कलकत्त्यात हरले.

ती हार मला एखाद्या पुरासारखी किंवा दुष्काळासारखी वाटते. फरक एवढाच की तिच्यात माणसं मेली नाहीत. ती अंगठा लावत जगली. त्या दिवसाचं मतदान मी शून्य धरलं आहे आणि तारखांवरून मागचे तास मोजले आहेत. वर्षं मोजली तर सगळं दूरचं वाटतं. सहा वर्षांच्या मुलाचं शिकायचं वय मात्र तासातासानेच सरतं.

उरले २,५७,८३२ तास
१९ ऑक्टोबर १८८२, पुणे

हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले आपलं निवेदन देतात. मुंबई इलाख्यातला शेतकरी तेव्हा साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' म्हणून जादा भरत होता. त्यातला एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी ठरलेला होता. म्हणजे शाळेचा कर गावोगावचा कुणबी भरतच होता; त्याच्या पोराच्या वाट्याला मात्र शाळा आली नव्हती. सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि तिच्यातून वरच्या वर्गाचं उच्च शिक्षण पोसलं जातं, हे जोतीरावांनी आयोगाला स्पष्ट सांगितलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती.

पुढे तीस वर्षांनी लोक नव्या शिक्षणकराला का बिचकले, याचं उत्तर या निवेदनात आहे. ज्याने एकदा पैसे भरले आणि बदल्यात शाळा पाहिली नाही, तो दुसऱ्यांदा हात आखडणारच. माणसाचा विरोध शाळेला नसतो, न दिसणाऱ्या शाळेच्या कराला असतो. आयोगाने हे ऐकून घेतलं. सक्ती मात्र आली नाही.

उरले १७,५६८ तास
१८ मार्च १९१०, कलकत्ता

गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळात गोखले ठराव मांडतात : प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याची सुरुवात करावी. ब्रिटिश हिंदुस्थानात एकूण लोकसंख्येच्या फक्त १.९ टक्के मुलं प्राथमिक शाळेत आहेत, हा आकडा ते सभागृहापुढे ठेवतात.

हा माणूस आकडे कागदावरून शिकला नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळचं वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं. थोरला भाऊ गोविंद शिक्षण सोडून नोकरीला लागला. महिना १५ रुपये पगारातले ८ रुपये तो धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवत असे. घरातल्या एकाने अर्धपोटी राहायचं तेव्हा दुसऱ्याने शिकायचं, हा हिशेब गोखल्यांनी अंगावर सोसलेला होता. पुढे ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते, त्यामुळे पट्टी वाढवली की गावात काय बोललं जातं हेही त्यांना ठाऊक होतं.

सरकारने विचार करण्याचं आश्वासन दिलं. गोखल्यांनी ठराव मागे घेतला. त्याच वर्षी सरकारने स्वतंत्र शिक्षण खातं उघडलं आणि हारकोर्ट बटलर त्याचे प्रमुख झाले. वर्ष सरलं तरी सक्तीबद्दल सरकारकडून हालचाल नव्हती.

उरले ८,८५६ तास
१६ मार्च १९११, कलकत्ता

आता गोखले ठराव नाही, विधेयकच आणतात. ते इतकं सौम्य आहे की आज वाचताना नवल वाटतं.

सक्ती देशभर लागू होणार नव्हती. ज्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला इच्छा असेल, तिनेच आपल्या हद्दीत ती लागू करायची. तीही प्रांतिक सरकारची परवानगी घेऊन. त्या हद्दीतली ठरावीक टक्के मुलं आधीच शाळेत जात असली पाहिजेत. गोखल्यांच्या मनात हे प्रमाण ३३ टक्के होतं. सक्ती फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना. मुलींचं नंतर पाहायचं, असं विधेयकात होतं. ही त्यातली मोठी उणीव, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ज्याची मिळकत महिना १० रुपयांपर्यंत आहे, त्याच्याकडून फी घ्यायची नाही.

पैशाची तरतूद अशी : दोन तृतीयांश खर्च सरकारने उचलावा, एक तृतीयांश स्थानिक संस्थेने. त्यासाठी तिला खास शिक्षणकर लावता यावा. इंग्लंडात १८७०च्या कायद्याने निवडून आलेली स्कूल बोर्डं स्थापन झाली होती आणि शाळांसाठी स्थानिक पट्टी वसूल होत होती. करदात्यांची कुरकुर तिथेही झाली. तरी तिथे १८८० साली सक्ती आली आणि १८९१ साली बहुतेक शाळांतली फी गेली. गोखल्यांनी राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरचा कायदाच त्यांच्यापुढे ठेवला होता.

त्यांचा हिशेबही साधा होता : एका मुलामागे वर्षाला ५ रुपये. सगळे मुलगे शाळेत आणायला वर्षाला साडेचार कोटी रुपये जादा लागतील. त्यातले तीन कोटी सरकारचे, दीड कोटी स्थानिक संस्थांचे. आणि हा बोजाही हळूहळू, बऱ्याच वर्षांत वाढत जाणारा.

विधेयक मतं मागवण्यासाठी प्रांतोप्रांती धाडलं गेलं.

उरले ४,८७२ तास
२९ ऑगस्ट १९११, हैदराबाद

निजाम मीर महबूब अली खान वारले आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले. बीड जिल्हा त्यांच्या राज्यात. गोखल्यांचं विधेयक मंजूर झालं असतं तरी ते बीडला लागू झालं नसतं. ब्रिटिश हद्द आष्टी-पाटोद्याच्या पलीकडे, जामखेडच्या बाजूला सुरू होत होती. माणसं एका बोलीची, सोयरीक दोन्हीकडची, बाजारहाट एक. शाळेचा कायदा मात्र कोणत्या हद्दीत जन्माला आलात यावर ठरणार होता.

तरीही बीडचा माणूस म्हणून मला हे मतदान आपलं वाटतं. शेजारच्या गावात शाळेची सक्ती झाली असती, तर या बाजूच्या माणसाने आपल्या राज्यकर्त्याला विचारलं असतं : त्यांच्या पोराला शाळा, मग आमच्या पोराने काय केलं? शेजारी काही घडलंच नाही, म्हणून इथे विचारायलाही काही उरलं नाही. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू आणि वरच्या शाळांचीही उर्दूच. मराठी घरातल्या पोराला पहिली पाटी हातात येण्याआधीच दोन डोंगर चढायचे होते.

याच महिन्यांत सरकारकडे मतं जमा होत होती. प्रांतिक सरकारांचा कल विरोधाचा होता. मुख्य कारणांत एक कर होतं : नवा कर लोकांना रुचणार नाही, असंतोष माजेल. आधीच लोकल फंड भरणारे जमीनदार नव्या पट्टीला तयार नव्हते. शिकलेली पोरं शेतात राबणार नाहीत, मजूर मिळणार नाहीत, ही भीतीही बोलून दाखवली गेली.

लोकांचा विरोध आहे, असं सरकार म्हणत होतं. ते 'लोक' कोण होते? बोर्डांवर आणि कायदेमंडळात पाठवण्याचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर ठरत होता. जमीनदारांना तर स्वतंत्र जागा होत्या. ज्यांना कर भरायचा होता त्यांना मत होतं. ज्यांची पोरं शाळेत जाणार होती त्यांच्यातल्या बहुतेकांना मत नव्हतं. पोरांना तर नव्हतंच नव्हतं. मतदारांचा विरोध खराच होता, पण तो मोजला गेला तो तराजूच एका बाजूला झुकलेला होता.

उरले २,३५२ तास
१२ डिसेंबर १९११, दिल्ली

पंचम जॉर्जचा दरबार. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला जाणार, ही घोषणा झाली. जनतेच्या शिक्षणासाठी ५० लाख रुपयांची देणगीही जाहीर झाली.

त्या दरबारात संस्थानिक एकामागून एक बादशहाला मुजरा करायला पुढे आले. सर्वांत आधी निजाम, बीडचे धनी. आणि तिथेच बडोद्याचे सयाजीराव गायकवाडही होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेल्या या राजाने १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला. या देशात हे होऊ शकतं, याचा पुरावा म्हणून गोखले बडोद्याकडेच बोट दाखवत. पुरावा त्या मांडवात समोर उभा होता.

देणगी आणि कर यांत मोठा फरक आहे. देणगी देणाऱ्याची मर्जी असते. ती आज येते, उद्या येत नाही. कर म्हणजे गावाने स्वतःशी केलेला करार. तो दरवर्षी येतो आणि म्हणूनच भरणारा माणूस दरवर्षी विचारू शकतो, शाळा कुठे आहे? गोखल्यांनी ५० लाखांची खैरात मागितली नव्हती. त्यांना तो प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्यात हवा होता.

दोन आठवड्यांनी काँग्रेसचं अधिवेशन कलकत्त्यात भरलं आणि काँग्रेसने विधेयकाच्या बाजूने कौल दिला. त्या कौलाला कायदेमंडळात मत नव्हतं.

उरले सुमारे ३० तास
सोमवार, १८ मार्च १९१२, कलकत्ता

ठरावाची बरोबर दोन वर्षं. राजधानीचं बिऱ्हाड हलायला दोन आठवडे उरलेले. लॉर्ड हार्डिंज अध्यक्षस्थानी. विधेयक प्रवर समितीकडे पाठवावं, एवढीच गोखल्यांची मागणी आहे. कायदा आजच करा असं कोणी म्हणत नाही. बसून विचार करा, दुरुस्त्या करा, एवढंच.

गोखले आलेल्या एकेक आक्षेपाला उत्तर देतात. लोकांची मागणी नाही म्हणता, मग पाठिंब्याचे एवढे ठराव कुठून आले? करामुळे असंतोष माजेल म्हणता, पण कर लावण्याचा निर्णय स्थानिक संस्थेचाच आहे. जिला नको तिने लावू नये. शिक्षक नाहीत, इमारती नाहीत म्हणता, तर म्हणूनच सक्ती टप्प्याटप्प्याने ठेवली आहे.

बटलर सरकारची बाजू मांडतात : सक्तीची वेळ आलेली नाही, ऐच्छिक मार्गाने अजून पुष्कळ करता येईल, प्रांतिक सरकारं विरोधात आहेत, जादा कर लोकप्रिय नाही. त्यांचा सूर शिक्षणाच्या विरोधाचा नाही. 'अजून नाही', एवढंच ते म्हणतात. मोठ्या घातांची सुरुवात बहुधा याच दोन शब्दांनी होते. मोठ्या माणसाच्या घड्याळात 'अजून नाही' म्हणजे पाच-दहा वर्षांची वाट. विधेयकातल्या मुलाकडे सहा ते दहा एवढीच चार वर्षं होती, म्हणजे सुमारे ३५,००० तास. एकदा 'अजून नाही' म्हटलं की त्याचं आयुष्यभरासाठी 'नाही' झालं.

उरली एक रात्र

१९११च्या जनगणनेत देशात शंभरातली सहासुद्धा माणसं साक्षर भरली नव्हती. बायकांत तर शंभरात जेमतेम एक. म्हणजे सभागृहात ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्यांना त्याची बातमी वाचताही येणार नव्हती. सावकाराच्या वहीत काय लिहिलंय, तलाठ्याच्या कागदावर किती सारा चढवलाय, अंगठा कशाखाली उठतोय, हे त्यांना दुसऱ्याच्याच तोंडून कळायचं. छप्पनच्या दुष्काळाला बाराच वर्षं झाली होती. मराठवाड्यातल्या आणि नगर-सोलापुरातल्या कित्येक घरांत त्याच्या कर्जाच्या आठवणी अजून ओल्या होत्या. अशा घराला आणखी एक पट्टी नको वाटली, तर त्यात त्याचा दोष नव्हता. पण त्या कर्जाचा कागद वाचू शकणारा एक मुलगा घरात असता, तर पुढच्या पिढीचं किती वाचलं असतं!

उरले शेवटचे तास
मंगळवार, १९ मार्च १९१२

चर्चा दुसऱ्या दिवशीही चालू. मदन मोहन मालवीय बाजूने आहेत. मजहरुल हक बाजूने आहेत. तरुण बॅरिस्टर मोहम्मद अली जिना बाजूने आहेत. पुढे ज्यांच्या वाटा एकमेकांपासून दूर गेल्या ती माणसं त्या दिवशी खेड्यातल्या पोराच्या पाटीसाठी एका बाजूला उभी होती. विरोधात सरकारी सभासदांचं बहुमत आहे आणि काही हिंदी सभासदही.

गोखले समारोपाला उठतात. दिवस मावळण्याआधी विधेयक फेटाळलं जाणार, हे त्यांना ठाऊक आहे आणि ते तसं बोलूनही दाखवतात. तक्रार करत नाहीत. आपल्या पिढीला अपयशातूनच देशाची सेवा करावी लागणार, यश पुढच्यांच्या वाट्याला येईल, अशा आशयाचं बोलून ते खाली बसतात.

शून्य

बाजूने १३. विरुद्ध ३८.

विधेयक समितीकडेसुद्धा गेलं नाही. करवाढीच्या भीतीने उचललेल्या त्या ३८ मतांची किंमत करदात्यांनी भरली नाही. ती सहा वर्षांच्या पोरांनी भरली. १९१२ साली सहा वर्षांचा असलेला मुलगा स्वातंत्र्य आलं तेव्हा ४१ वर्षांचा होता. १९५१च्या जनगणनेत देशात शंभरातली १८ माणसं साक्षर निघाली.

शून्यानंतर

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले पुण्यात वारले. वय ४८. विधेयकाचं पुढे काय झालं हे पाहायला ते उरले नाहीत.

१९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कायदेमंडळात नगरपालिकांपुरतं का होईना, गोखल्यांचंच काम पुढे नेलं. १९२३च्या कायद्याने मुंबई इलाख्यात स्कूल बोर्डं आली.

बीडमध्ये यातलं काही नव्हतं. इथे लोकांनी दुसरी वाट काढली. अंबाजोगाई, त्या वेळचं मोमिनाबाद, इथली योगेश्वरीची शाळा लोकांच्या बळावर उभी राहिली आणि स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे मुख्याध्यापक म्हणून काम केलं. जिथे सरकार कर लावून शाळा काढत नाही तिथे लोक वर्गणी काढून शाळा काढतात. वर्गणी म्हणजे लोकांनी स्वतःहून स्वतःवर बसवलेला करच. त्याला विरोध होत नाही, कारण त्याची शाळा डोळ्यांसमोर उभी राहते.

१९५० साली राज्यघटनेने सर्व मुलांना चौदाव्या वर्षापर्यंत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली. १९६० उलटलं, मुदत संपली, काम संपलं नाही. १९६२ साली महाराष्ट्राने शिक्षण उपकराचा कायदा केला. घरपट्टीतला तो रकाना तिथून आला. २००४ साली केंद्राने आपल्या करांवर शिक्षणासाठी २ टक्के उपकर बसवला.

अधिक ८,५९,३६८ तास
१ एप्रिल २०१०

शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सहा ते चौदा वर्षांचं प्रत्येक मूल, मुलगा असो की मुलगी. कलकत्त्याच्या मतदानाला त्या दिवशी ९८ वर्षं आणि १३ दिवस झाले होते.

आत्ता

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७७ टक्के होती, राज्याची ८२. दर दसऱ्यानंतर या जिल्ह्यातून कोयते निघतात : नवरा, बायको, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, आणि सोबत लेकरं. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. शाळेच्या हजेरीपटावर नाव राहतं, मूल उसाच्या फडात जातं. पहाटे आई-बाप मोळ्या बांधतात तेव्हा ते पाचटावर धाकट्याला सांभाळतं. या मुलांसाठी जिल्ह्यात हंगामी वसतिगृहं चालतात. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना राज्याने आखली. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी साखर कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे, असंही ठरलं.

टनामागे १० रुपये. रुपयामागे एक आणा. दर मुलामागे ५ रुपये. आकडे बदलले, प्रश्न तोच राहिला. हे पैसे कोणी द्यायचे, किती द्यायचे, आत्ता की पुढच्या हंगामात, यावर बैठका होत राहतील. विरोध करणाऱ्याचा हक्कही मला मान्य आहे. हिशेब मागावाच, आणि जोतीरावांसारखा कठोर मागावा. पैसे भरले तर शाळा दाखवा, वसतिगृह दाखवा, मास्तर दाखवा.

पण हिशेब मागणं वेगळं आणि 'अजून नाही' म्हणणं वेगळं. कारखान्याचा हंगाम पुढच्या वर्षी पुन्हा येतो. सहा वर्षांच्या मुलाला पहिलीचं वर्ष पुन्हा येत नाही. यंदा दसऱ्याला कोयता निघताना मागे वळून पाहणाऱ्या त्या पोरीकडे तिच्या चार वर्षांतले साधारण ३५,००० तास आहेत, आणि ते आत्ताच कमी होत आहेत.